दर्शनाला आलेले भाऊ

मुर्रीच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागतात, आणि त्या बांध्यांच्या पोटात एक टोला आहे. पस्तीसेक घरं, हनुमानाचा एक ओटा आणि बकारामचं दुकान, एवढाच पसारा. सत्यभामा या टोल्यात लग्न होऊन आली ती सतराव्या वर्षी, गोरेगावकडून. आता पंचावन्न उलटली. इतक्या वर्षांत तिचं नाव कधी पेपरात आलं नाही. बचत गटाच्या सभेतही ती मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसते. पण आजूबाजूच्या चार गावांत तिला ओळखतात, कारण तिच्या तळ्याकडच्या बांधीत दरसाल सारसाची जोडी घर करायची.

सारस उभा राहिला तर माणसाएवढा. राखाडी अंग, लाल मान, आणि राहणार तो जोडीनंच. हा पक्षी झाडावर खोपा करत नाही. पाण्यातली धानाची रोपं उपटतो, त्यांचा ढीग रचतो आणि त्यावर अंडी घालतो. म्हणजे ज्याच्या बांधीत सारस उतरला, त्याचा तेवढा धान गेलाच. पहिल्या वर्षी सत्यभामेचा नवरा छोटेलाल काठी घेऊन निघाला होता. ती धुऱ्यावर, बांधीच्या मातीच्या बांधावर, आडवी उभी राहिली.

“आपल्या घरी कोनी बाळंतपनाले आलं तं हाकलते का?”

छोटेलालनं काठी खाली ठेवली ती ठेवलीच. त्याला चौदा वर्षं झाली.

तेव्हापासून घरात रीतच पडली. रोवणी झाली, जोडी उतरली, की तेवढी बांधी सोडून निंदण करायचं. सत्यभामा सकाळी आंघोळ करून देवाला दिवा लावायची, दूरच्या धुऱ्यापर्यंत जायची, चप्पल काढून हात जोडायची आणि गुमान परत यायची. याला ती दर्शन म्हणायची. टोल्यानंही काही नियम आपसूक धरले. अंड्यांना अंडी म्हणायचं नाही, ‘घर भरलं’ म्हणायचं. आणि बाहेरचं कोणी विचारत आलं, तर भलत्याच दिशेला बोट दाखवायचं. कुत्र्या-कावळ्यांपासून जोडी आपली आपण राखते, माणसापासून तिला राखता येत नाही, एवढं टोल्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आता भुपेंद्रभाऊंचं सांगायला हवं. ते कोणत्या पक्षाचे हे सांगून उपयोग नाही, कारण पक्ष त्यांनी तीनदा बदलला. पण येत्या निवडणुकीत ते उभे राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण भाऊ रोज मोबाईलमध्ये दिसत. चिखलात उभे भाऊ, ट्रॅक्टरवर भाऊ, कोण्या म्हातारीच्या चुलीपाशी बसून वरण-भात खाणारे भाऊ. दर सोमवारी नागऱ्याच्या महादेवाला पाणी घालणारे भाऊ. मागे गाणं आणि खाली हजारो अंगठे.

बकारामच्या दुकानापुढच्या बाकावर यावर रोज खल चाले.

“काम तं कोठं दिसत नाई त्याचं,” एखादा म्हणे.

“तो तं दिसते ना,” बकाराम चहा गाळता गाळता म्हणे. “बाकीचे पाच वर्सं तोंड दाखवत नाई. याचं रोज दिसते. फुकटचा सिनेमा आहे गा.”

“आपल्या हातपंपाचा अर्ज देल्ला होता त्याले. येऊन फोटो काढून गेला. तुटकी दांडी धरून उभा होता.”

“मंग?”

“मंग काय. दांडी अजून तशीच आहे.”

सगळे हसत, आणि हसता हसता त्याच रीलला अंगठा देत. सत्यभामेची सून चेतना तर भाऊंची एक रील सोडत नसे. सत्यभामा स्वतः मोबाईल हातात धरत नाही, पण सोमवारची महादेवाची रील ती सुनेच्या खांद्यावरून पाहायची. “देवाचं करनारा मानूस आहे,” असं ती म्हणायची, आणि मनापासून म्हणायची.

गेल्या वर्षीच्या श्रावणात घर भरलं. पोळ्याच्या आगेमागे पिल्लं निघणार, असा छोटेलालचा हिशोब होता. पोळ्याला दहा-अकरा दिवस उरले असताना, सोमवारी दुपारी, अंगणात दोन गाड्या येऊन थांबल्या. पांढरे कपडे, कपाळाला भस्म, हातात साडी आणि नारळ. भाऊ स्वतः आले होते. त्यांच्यासोबत हिमांशू नावाचा गोंदियाचा माणूस होता, तिशीचा, भाऊंचं मोबाईलचं सगळं काम पाहणारा. चेतनेनं भाऊंच्या कुठल्याशा रीलखाली लिहिलं होतं, ‘भाऊ, आमच्या बांधीत पण सारस आहे.’ एवढ्या एका ओळीवर ते आले होते.

भाऊंनी वाकून सत्यभामेच्या पायांना हात लावला. “मावशी, मी तुमचा लेकच समजा.”

हिमांशूनं तोवर छोटेलालला बाजूला घेतलं. “काका, पंछी किधर है?”

छोटेलालनं नियमाप्रमाणे नदीकडे बोट दाखवलं. हिमांशू तिकडे जाऊन, पँट गुडघ्यापर्यंत भिजवून परत आला आणि छोटेलालकडे नुसता पाहत राहिला. छोटेलाल तेवढ्यात बैलाला वैरण टाकायला निघून गेला.

भाऊंनी ते ओळखलं असावं. ते ओसरीवर मांडी घालून बसले, पाणी प्यायले आणि हळू आवाजात म्हणाले, “मावशी, मला काही नको. आज सोमवार आहे. दुरून दर्शन घेतो आणि जातो.”

इथे सत्यभामा चुकली. दुसरं काहीही मागितलं असतं तर तिनं सरळ नाही म्हटलं असतं, तशी ती स्पष्ट बोलणारी आहे. पण दर्शन मागणाऱ्याला परत पाठवायचं नसतं, हे तिच्या हाडात मुरलेलं. देवळाच्या दाराशी उभं राहून कोणी कोणाला ‘तू जाऊ नको’ म्हणत नाही. ती उठली.

“चप्पल काढा लागते,” ती म्हणाली. “बोलायचं नाई. अना मी थांबीन त्या धुऱ्याच्या पुढं पाय टाकायचा नाई.”

“तुम्ही म्हणाल तसं, मावशी.”

धुऱ्याशी भाऊंनी बूट काढले. हिमांशूनं बूट काढतानाचं चित्र घेतलं, मग म्हणाला, “भाऊ, एक बार और, इस साइड से.” भाऊंनी बूट पुन्हा घातले आणि पुन्हा काढले. सत्यभामेला ते कसंसंच वाटलं.

मादी ढिगावर बसलेली होती. नर थोडा दूर, पाण्यात एका पायावर. भाऊंनी डोळे मिटून हात जोडले. क्षणभर सत्यभामेला बरं वाटलं, तिनंही हात जोडले. तेवढ्यात भाऊंनी डोळे उघडले आणि मान न वळवता विचारलं, “आलं का?”

“आया तो है, पर पंछी बैठा है भाऊ. मजा नहीं आ रहा. पंख खुलने चाहिए.”

हिमांशूनं पिशवीतून चार पंखांचं यंत्र काढलं आणि हवेत सोडलं. गांधीलमाश्यांचं मोहोळ उठावं तसा आवाज करत ते बांधीवर गेलं आणि खाली उतरलं. नरानं मान ताणून हाक मारली. मादी ढिगावर उभी राहिली, तिनं पंख पसरले, आणि यंत्र आणखी खाली आलं तशी ती उडाली. भाऊ जोडीकडे पाठ करून मोबाईलकडे तोंड करून उभे होते, हात जोडून, हसत. “मित्रांनो, निसर्ग हाच आपला देव,” असं काहीतरी ते म्हणत होते.

“भाऊ, बंद करा ते,” सत्यभामा म्हणाली. “घर भरलं आहे तिचं.”

“दोनच मिनिटं, मावशी.”

मादी फिरून ढिगावर येऊन बसली. भाऊंचं एक वाक्य चुकलं होतं म्हणून सगळं पुन्हा घ्यायचं ठरलं. या वेळी यंत्र काढण्याचाही कंटाळा केला. हिमांशूनं धुऱ्यावरचं एक ढेकूळ उचललं आणि ढिगाच्या बाजूला पाण्यात फेकलं. मादी दुसऱ्यांदा उडाली. “बस, मिल गया,” हिमांशू म्हणाला.

भाऊंनी ओल्या कागदानं पाय पुसले. एक कागद, दुसरा, तिसरा. कपाळावर घाम आला होता, त्यात भस्म ओघळलं होतं, तेही पुसलं. ते चिखलाचे आणि भस्माचे बोळे धुऱ्यावर टाकून, बूट घालून, सत्यभामेच्या पायांना पुन्हा हात लावून ते गेले. त्या हाताचा स्पर्श झाला तेव्हा तिच्या अंगावर पाल चढल्यासारखं झालं. तिनं ते बोळे वेचले आणि पदराच्या गाठीत बांधले. दर्शनाच्या जागेवर घाण राहू द्यायची नाही म्हणून.

संध्याकाळी मादी परत बसली. सत्यभामेनं देवापुढे दिवा लावून चूक कबूल केली आणि तिला वाटलं, निभावलं.

पण रील टाकताना त्यावर टोल्याचं नाव आणि बांधीचा नकाशाही टाकला होता. मंगळवारी चार मोटारसायकली आल्या, बुधवारी वीस. कोणी केक घेऊन आलं, कोणी नवी नवरी घेऊन. पोरं धान तुडवत ढिगापर्यंत जात, दात काढून उभी राहत. सत्यभामा धुऱ्यावर बसून हात जोडून सांगायची, “बाप्पा, नोका जाऊ.” एक जण म्हणाला, “मावशी, भाऊ जाऊ शकते तर आमी काऊन नाई?” भाऊंना तिनंच तर आणलं होतं.

जोडी दूर, दुसऱ्याच्या बांधीत उभी राहून दिवसभर ओरडायची. गुरुवारी ती रात्रीही परतली नाही. शुक्रवारी सकाळी वरती कावळे घिरट्या घालताना दिसले, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा सत्यभामा घर भरलेल्या बांधीत उतरली. एक अंडं फुटलं होतं. आतलं पिल्लू पुरतं झालेलं होतं, चोच, पाय, ओल्या लवेचं अंग. दुसरं अंडं अख्खं होतं आणि दगडासारखं थंड. तिनं दोन्ही पदरात घेतली. छोटेलालनं धुऱ्यावर खड्डा केला. तिनं हळद वाहिली, माती लोटली.

शनिवारी चेतनेनं घाबरत घाबरत मोबाईल पुढे केला. भाऊंची नवी रील होती. डोळ्यांत पाणी, मागे बासरी. काही बेजबाबदार लोकांमुळे सारसाचं घरटं उजाडलं, आपण रात्रभर झोपलो नाही, आपण ही लढाई लढणार. खाली लोकांनी लिहिलं होतं: ‘भाऊ तुमच्यासारखा नेता नाही.’ ‘भाऊ रडू नका, आम्ही आहोत.’ ‘निसर्गाचा खरा लेक.’

सत्यभामेनं ते दोनदा वाचून घेतलं. मग ती उठली. कपाटातली भाऊंनी दिलेली साडी काढून तिनं छोटेलालपुढे टाकली. त्यानं ती उभी फाडली आणि रानडुकरं येतात त्या कडेला खुंट्यांना बांधली.

बाकावर मात्र अजून दोन तट होते. “भाऊनं तं चांगल्यासाठीच टाकलं ना गा. पब्लिकच नालायक,” एक म्हणाला.

बकारामनं खूप वेळ गाळणी झटकली. मग म्हणाला, “पंप घे का सारस घे. ज्याले हात लावते त्याचा फोटो राहते. ते नाई राहत.”

त्याच दिवशी निरोप आला, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, भाऊ पाहुणे म्हणून येणार, पोरांच्या लाकडी बैलांना बक्षिसं देणार आणि ‘सारस माऊली’ म्हणून सत्यभामेचा सत्कार करणार.

पोळ्याला आमच्याकडे दारात पळसाच्या डहाळ्या रोवतात. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या उपटायच्या, घरातली रोगराई, इडापिडा नाव घेऊन हाकलायची आणि डहाळ्या शिवेबाहेर नेऊन टाकायच्या. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणायचं; मारबत म्हणजे गावाची पीडा वाहून नेणारी. सत्यभामा दरवर्षी ताप-खोकला म्हणते, ढेकूण-डास म्हणते. त्या पहाटे ती डहाळी घेऊन निघाली तेव्हा डहाळीला काहीतरी बांधलेलं होतं. ते पाय पुसलेले कागदाचे बोळे होते, वाळून कडक झालेले.

शिवेवर सगळा टोला जमला होता. तिची पाळी आली. आवाज चढवायची तिला सवय नाही, पण त्या दिवशी तो शेवटच्या घरापर्यंत गेला.

“दर्शनाले येऊन घर उजाडनाऱ्याले घेऊन जा गे मारबत.”

मग मागून बकारामचा जाडा आवाज आला, “पंपाची दांडी धरनाऱ्याले घेऊन जा गे मारबत.” मग एकेक करत बायका, म्हातारे, पोरं. “खोटं रडनाऱ्याले घेऊन जा गे मारबत.” “आमच्याच मोबाईलमंधी शिरून बसनाऱ्याले घेऊन जा गे मारबत.” त्या पहाटे ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्या सगळ्यांनी भाऊंना कधी ना कधी अंगठा दिला होता.

चेतनेनं हे सारं मोबाईलमध्ये घेतलं आणि टाकलं. आपल्या त्या एका ओळीचं पाप फेडावं, असं तिला वाटत होतं. दुपारपर्यंत ते गोरेगावच्या बाजारात पोचलं, देवरीच्या बस स्टँडवर पोचलं. दोन तासांनी निरोप आला, भाऊंची तब्येत बरी नाही, ते येणार नाहीत. बाकावर त्या दिवशी चहा फुकट होता.

संध्याकाळी भाऊ आले, पण मोबाईलमधून. त्यांनी चेतनेचंच चित्र उचललं होतं. वर सत्यभामा ओरडताना, खाली भाऊ हात जोडून. “माझ्या मावशीचा राग हाच माझा आशीर्वाद. आईनं रागावायचं, लेकानं ऐकायचं. सारसांसाठी मी आयुष्य देईन.” मागे तीच बासरी. आजवरच्या कुठल्याही रीलला नव्हते तेवढे अंगठे त्याला होते. ‘किती मोठं मन.’ ‘टीका करणाऱ्यालाही आई म्हणणारा एकच.’

सत्यभामेनं शेवटपर्यंत पाहिलं. “हा माझा आवाज होय?”

“हो, आई.”

“तुवा टाकला तो काढून टाक.”

“आई, लोक तुमच्याच बाजूनं लिहून राहिले. पाहा तरी.”

“नाई पाहत. मी मारबतीले म्हटलं होतं, मोबाईलले नाई. आपन तेच केलं व, जे त्यानं केलं. काढ.”

चेतनेनं काढलं. भाऊंचं आहे तिथेच राहिलं, अजूनही आहे. त्या दिवसापासून सत्यभामेनं सुनेच्या खांद्यावरून पाहणं सोडलं. सोमवारी महादेवाचं नाव घेताना तिला मध्येच ते ओघळलेलं भस्म दिसतं, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. देवाच्या आणि तिच्या मध्ये भाऊ येऊन बसले, याची तिला सगळ्यात जास्त शिसारी येते.

यंदा रोवणी झाली. तळ्याकडच्या बांधीत जोडी उतरली नाही. आषाढ सरत आला तरी नाही. आणि मग एका सकाळी दिवा लावताना तिला हाक ऐकू आली, पण दुसऱ्या अंगानं, पळसाच्या झाडांपलीकडून. तिनं वात तशीच हातात धरून ऐकलं. छोटेलालला सांगितलं नाही. त्यानंही ऐकलं होतं, त्यानंही सांगितलं नाही. टोल्यात कोणीच कोणाला सांगितलं नाही.

आठ दिवसांनी हिमांशू मोटारसायकलवर आला. भाऊंना दुसरा भाग करायचा होता, ‘सारस परत आला’ असा. त्यानं बकारामला विचारलं, बकारामनं नदीकडे बोट दाखवलं. पुढे एकानं रेल्वेलाईनकडे दाखवलं, दुसऱ्यानं मुर्रीकडे. छोटेलालनं खूप विचार करून सरळ गोंदिया शहराकडे बोट दाखवलं.

शेवटी तो बांधीवर आला. सात-आठ बाया ओळीनं वाकून निंदण काढत होत्या, त्यात सत्यभामा.

“मावशी, भाऊने बहुत याद किया. पंछी आए क्या इस साल?”

सत्यभामेनं मान वर केली नाही. खोटं तिच्यानं बोलवत नव्हतं, म्हणून ती बोललीच नाही. तो तिच्या डोळ्यांकडे पाहत होता, ते कुठे वळतात हे पाहत होता. ती पळसांकडे पाठ करून निंदत होती. आताशा ती रोज तशीच निंदते. सकाळी धुऱ्यावर जात नाही, चप्पल काढत नाही, हातही जोडत नाही. ती जिकडे पाहील तिकडे दुसरं कोणी पाहील, एवढं तिला कळलंय.

तेवढ्यात मागून हाक आली. नराची एक, आणि तिच्यात मिसळलेली मादीची. सगळी बांधी भरून गेली. बाया वाकल्या जागी थिजल्या.

हिमांशूनं मान वळवली. “ये क्या है?”

गेल्या वर्षी धुऱ्यावर त्याचं सारं लक्ष यंत्रात आणि मोबाईलच्या काचेत होतं. आणि रीलमध्ये त्यानंच वरून गाणं लावलं होतं. सारसाचा आवाज त्याच्या कानांपर्यंत कधी पोचलाच नव्हता.

“मोर होय,” ओळीतली एक बाई म्हणाली. “दुसरं काय राहते इथं.”

“अच्छा,” तो म्हणाला, आणि थोडा वेळ उभा राहून गाडीकडे गेला.

गाडीचा आवाज डांबरी रस्त्यापर्यंत जाईस्तोवर कोणी मान वर केली नाही. हाक पुन्हा आली. सत्यभामेचे हात कोपरापर्यंत चिखलात होते, मुठीत उपटलेलं तण होतं. तिला वळून पाहावंसं फार वाटलं. तिनं मुठीतलं तण धुऱ्यावर फेकलं आणि पुढच्या रोपाला हात घातला.